पोर्शे ९४४: तेल नेमकं कुठून गळतंय आणि गाडी का थरथरतेय, हे शोधायचं कसं

जुनी पोर्शे घ्यायची पण ९११ परवडत नाही, अशा माणसाची पावलं बहुधा ९४४ कडे वळतात. १९८२ ते १९९१ या काळात ही गाडी एक लाख साठ हजारांहून जास्त बनली, त्यामुळे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आणि जर्मनीत ती अजूनही सापडते. तिकडे स्थायिक झालेल्या, हातात पाना धरायला न घाबरणाऱ्या मराठी माणसांसाठी हा लेख आहे. बहुतेक मजकूर २.५ लिटरच्या आठ व्हॉल्व्हच्या साध्या इंजिनाला धरून आहे. टर्बो आणि सोळा व्हॉल्व्हच्या गाड्यांत तत्त्व तेच, फक्त हात घालायला जागा आणखी कमी.

या गाडीच्या दोन तक्रारी ठरलेल्या: खाली तेलाचा डाग आणि स्टिअरिंगमध्ये थरथर. लोक या दोन्हींचा वेगवेगळा तपास करतात. माझं मत उलटं आहे. ९४४ मध्ये गळती आणि थरथर पुष्कळदा एकाच ठिकाणी भेटतात, म्हणून दोन्हींचा तपास एकत्र करावा आणि तो पूर्ण होईपर्यंत एकही पार्ट मागवू नये. अंदाजाने पार्ट बदलत गेलात तर गाडीच्या किमतीइतका खर्च होतो आणि डाग तिथेच राहतो.

आधी इंजिनाची ओळख. १०० मिमी बोअरचं (सिलिंडरच्या व्यासाचं) हे चार सिलिंडरचं इंजिन पोर्शेच्याच ९२८ गाडीच्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाच्या उजव्या अर्ध्या भागावरून आलं, म्हणूनच ते उजवीकडे कललेलं बसतं. एवढे मोठे चार पिस्टन वरखाली झाले की क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) दुप्पट गतीने एक हादरा तयार होतो. तो मारण्यासाठी पोर्शेने मित्सुबिशीच्या पेटंटचा परवाना घेऊन दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. एक डावीकडे वर, दुसरा उजवीकडे खाली. दोघं एकमेकांच्या उलट दिशेने, क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात. थरथर थांबवणारे हे दोन शाफ्ट इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी ऑईल सीलमधून बाहेर येतात, आणि नेमकी तीच सीलं म्हातारपणी गळतात.

या लेखात डावं-उजवं म्हणजे सीटवर बसून समोर पाहताना डावं-उजवं. 'ड्रायव्हरची बाजू' हा शब्द मी टाळला आहे, कारण न्यू जर्सीतल्या आणि लंडनमधल्या वाचकाला त्याचे दोन उलटे अर्थ लागतील.

सुरुवात पेट्रोलपासून

तेलाकडे वळण्याआधी बॉनेट उघडून फ्यूएल रेलकडे जाणाऱ्या रबरी होजांवर हात फिरवा. पेट्रोलचा वास, होजवर चिरा, जोडाशी ओल, यातलं काहीही दिसलं तर इंजिन सुरूच करू नका. आधी होज बदला. जुन्या होजांमुळे लागलेल्या आगींसाठी ही गाडी बदनाम आहे. तेलाचा डाग आठवडाभर थांबू शकतो.

गाडीखाली जायचं तर जॅकवर विसंबून कधीच नाही. चांगले स्टँड, सपाट जमीन, आणि मागच्या चाकांना अटकाव. चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) ओतीव ॲल्युमिनियमचा आहे. त्याला नुसता जॅक लावला तर तडा जाऊ शकतो. मध्ये रुंद लाकडी फळी घ्या, किंवा इंजिन वरून आडव्या दांड्याला टांगा.

पायरी १: काय गळतंय ते ओळखा

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा. त्यावर गाडीची पुढची बाजू, डावं-उजवं आणि पुढच्या चाकांची जागा पेनाने लिहून ठेवा, नाहीतर सकाळी पुठ्ठा बाहेर काढल्यावर काहीच अर्थ लागत नाही. मग प्रत्येक डाग बोटावर घेऊन पाहा. इंजिन ऑईल तपकिरी किंवा काळं. पॉवर स्टिअरिंगमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचं तेल) असतं, ते लालसर. ब्रेकचं आणि क्लचचं तेल पाण्यासारखं पातळ, आणि ते रंग खातं, म्हणून बोट बॉडीला पुसू नका. कूलंटला गोडसर वास. गिअर ऑईलचा गंधकासारखा वास एकदा घेतला की विसरत नाही.

इथे या गाडीच्या मांडणीचा एक मोठा फायदा आहे. क्लच पुढे इंजिनाला लागून, गिअरबॉक्स मात्र मागच्या ॲक्सलपाशी. मधे टॉर्क ट्यूब, म्हणजे इंजिनाची फिरकी मागे नेणारा शाफ्ट ज्यात असतो ती नळी. त्यामुळे पुढच्या बेलहाउसिंगमधून (क्लचभोवतीच्या कवचातून) जे ठिबकतं ते गिअर ऑईल असूच शकत नाही. इंजिन ऑईल असेल तर क्रँकच्या मागच्या मोठ्या सीलकडे संशय, आणि पातळ असेल तर क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरकडे. गिअर ऑईल फक्त मागे सापडेल.

डावीकडचा लालसर डाग बहुतेकदा पॉवर स्टिअरिंगचा निघतो. त्याची टाकी इनटेक मॅनिफोल्डखाली डावीकडे दडलेली असते आणि होज उष्णतेने कडक होतात. हे तेल इंजिनाच्या जुन्या काजळीत मिसळलं की काळं दिसतं, आणि मालक निष्कारण इंजिनाची सीलं बदलायला निघतो.

पायरी २: धुवा, आणि मग पाहा

चाळीस वर्षांचा चिकटा असलेल्या इंजिनावर नवी गळती शोधता येत नाही. डीग्रीझर मारून, ब्रशने घासून, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. आल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि एअर फ्लो मीटर प्लास्टिकने बांधून घ्या. इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलपाशी, क्रँकचा वेग आणि स्थिती वाचणाऱ्या दोन सेन्सरांचे कनेक्टर असतात. ते जुने असले तर नुसत्या स्पर्शाने तुटतात. त्यांच्यापासून ब्रश लांब ठेवा. पुढचं बेल्टचं कव्हर काढलेलं असताना डीग्रीझर अजिबात नको, कारण तो बेल्टच्या रबरात मुरतो.

वाळल्यावर इंजिन ऑईलमध्ये पेट्रोल इंजिनासाठीचा यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाका, गाडी नेहमीसारखी चालवा, आणि रात्री यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा घेऊन बसा. डाय मिळाला नाही तर संशयित जागेवर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मारा. पांढऱ्या थरावर तेलाची पहिली रेघ लगेच उमटते. एक नियम पाळा: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीखालचा वारा ते मागे ढकलतो. बेलहाउसिंग ओलं आहे म्हणून मागचं सील गेलं, असं ठरवण्याची चूक महाग पडते, कारण त्या सीलपर्यंत पोचायला एक्झॉस्ट, गिअरबॉक्स आणि टॉर्क ट्यूब एवढं सगळं हलवावं लागतं.

पायरी ३: नेहमीचे संशयित

पुढची बाजू सगळ्यात आधी. क्रँकचं पुढचं सील ऑईल पंपाच्या हाउसिंगमध्ये बसतं. त्याच्याबरोबर दोन बॅलन्स शाफ्टची सीलं आणि कॅमशाफ्टचं पुढचं सील. यांतलं काहीही गळलं तरी तेल बेल्टच्या कव्हराच्या आत पसरतं आणि कव्हराच्या खालच्या कडेने बाहेर येतं. ही गळती थेंबभर असली तरी तातडीची. तेल प्यायलेला टायमिंग बेल्ट दात सोडू शकतो, आणि या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. कॅम गिअर दिसेल इतपत वरचं कव्हर उघडा, टॉर्च मारा, बेल्टच्या कडेला बोट लावा. बोट तेलकट झालं तर गाडी उभी करा. आणि आत शिरलाच आहात तर सगळी पुढची सीलं, दोन्ही बेल्ट (टायमिंगचा आणि बॅलन्स शाफ्टचा) आणि बेल्ट ताणणाऱ्या टेन्शनरचे रोलर एकदमच बदला. वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्याचीही खबर घ्या. एकेक करून बदलायला इथली मजुरी परवडत नाही.

उजवी बाजू म्हणजे एक्झॉस्टची. वर कॅम हाउसिंग, आणि त्याच्या व हेडच्या मधलं गास्केट. ते पाझरलं की तेल थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतं. खाली डाग नाही, पण सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास आणि बॉनेटच्या फटीतून बारीक धूर. कॅम हाउसिंगच्या बोल्टांपैकी काही बाजूच्या प्लगांच्या आड लपलेले असतात. त्या प्लगांची वॉशरंही गळतात, म्हणून आधी तीच पाहा. काम स्वस्त आहे.

त्याच बाजूला पुढे ऑईल फिल्टर, ऑईल प्रेशरचा सेंडर आणि ऑईल कूलरचं हाउसिंग. सेंडर स्वतःच्या अंगातून गळतो: कनेक्टर काढून आत तेल दिसलं की निकाल लागला. कूलर मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याच्या आत तेल आणि कूलंट शेजारी शेजारी वाहतात आणि मधे फक्त सीलं असतात. चालत्या इंजिनात तेलाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून सील फाटलं की तेल कूलंटमध्ये शिरतं. कूलंटच्या टाकीचं झाकण थंड इंजिनावर उघडा. आत कॉफीच्या रंगाची साय दिसली तर लगेच 'हेड गास्केट गेलं' म्हणून हबकू नका. या गाडीत पहिला संशय कूलरच्या सीलांवर घ्यायचा. हाउसिंग उघडाल तर जुन्या गाड्यांतला तीन तुकड्यांचा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा दाब मर्यादेत ठेवणारा) परत बसवताना हाउसिंग एका रेषेत आणणारं हत्यार लागतं. ते नसताना अंदाजाने आवळलं तर व्हॉल्व्ह अडकतो. नंतरच्या गाड्यांतला एकसंध व्हॉल्व्ह ही कटकट ठेवत नाही.

डाव्या बाजूला, इनटेकखाली, तेल भरायच्या नळीच्या बुडाशी एअर-ऑईल सेपरेटर. क्रँककेसमधल्या वाफांतून तेल वेगळं करून हवा परत इनटेकला द्यायची, हे त्याचं काम. त्याच्या ओ-रिंगा कडक होऊन ब्लॉकच्या डाव्या अंगावरून तेल ओघळतं. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे गळती आणि थरथर हातात हात घालून येतात. या वाटेने एअर फ्लो मीटरने न मोजलेली हवा आत शिरते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि आयडलिंग बिघडतं. उलट वाफांची नळी चोंदली तर क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि चांगली सीलंही तेल बाहेर फेकू लागतात. परीक्षा सोपी आहे: गरम इंजिन आयडलिंगला असताना तेल भरायचं झाकण काढा. इंजिनाचा सूर लगेच बदलला, आरपीएम डळमळले, तर प्रणाली बऱ्यापैकी हवाबंद आहे. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच कुठून तरी आत येतेय. आणि झाकण काढताच जोराने फुसकारा आला तर नळ्या साफ करा, मगच सीलांचा विचार करा.

चेंबरच्या गास्केटबद्दल थोडक्यात: ते पाझरतंच. बोल्ट करकचून आवळले तर गास्केट दबून बाहेर सरकतं आणि गळती वाढते. नुसती ओल असेल तर सोडून द्या. बदलायचंच तर पुढचा क्रॉसमेंबर (इंजिनाखालचा आडवा आधार) खाली घ्यावा लागतो, तेव्हा आतली तेल ओढणारी नळी तडकली नाही ना, तेही बघून घ्या.

पायरी ४: थरथर कशाबरोबर वाढते?

आता हादरे. इथे प्रश्न एकच: थरथर इंजिनाच्या आरपीएमबरोबर बदलते की गाडीच्या वेगाबरोबर?

आधी गाडी उभी, इंजिन गरम, न्यूट्रल. आयडलिंगला लक्ष द्या, मग हळूहळू ४००० पर्यंत रेस करा. कुठल्या आकड्याला आरसा धूसर होतो, कुठे पेडल बधिर करतं, हे शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा. मग क्लच दाबून तेच पुन्हा. या गाडीत टॉर्क ट्यूबमधला शाफ्ट इंजिनाच्याच वेगाने फिरतो आणि क्लच दाबला की थांबतो. म्हणून न्यूट्रलमध्ये येणारी खडखड क्लच दाबताच गेली, तर टॉर्क ट्यूबमधली बेअरिंगं किंवा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट. तशीच राहिली तर दोष इंजिनाकडे किंवा माउंटिंगकडे, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं त्या लवचीक आधारांकडे.

मग मोकळा सरळ रस्ता. ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये गाडी चालवा. गिअर बदलूनही तीच थरथर त्याच वेगाला आली, तर चाकं, टायर, सीव्ही जॉइंट (मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचे सांधे), व्हील बेअरिंग. क्लच दाबून गाडी नुसती धावू दिली आणि थरथर गेली, तर इंजिनाकडची बाजू. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि सोडल्यावर जाते, तर मागचे सीव्ही जॉइंट, त्यांचे ढिले बोल्ट, किंवा बसलेलं माउंटिंग. स्टिअरिंग हलतं तर पुढची चाकं, बूड हलतं तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर हलतं तर डिस्क.

आकडे आवडणाऱ्यांसाठी: १९५/६५ आर १५ चा टायर १०० किमी वेगाला सेकंदाला साधारण १४ फेऱ्या मारतो, म्हणजे असंतुलित चाकाची थरथर १४ हर्ट्झच्या आसपास. ३००० आरपीएमला क्रँक ५० हर्ट्झ, बॅलन्स शाफ्ट १०० हर्ट्झ. मोबाइलमधल्या व्हायब्रेशन ॲपने चाकाची १४ हर्ट्झ छान दिसते, पण फोन सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट दिसणारच नाही. बॅलन्स शाफ्टच्या तक्रारीत ॲपवर भरवसा नको, तळहात बरा.

पायरी ५: वेगाबरोबरची थरथर

हा भाग लवकर उरकतो. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, आणि महिनोन् महिने उभ्या गाडीचे टायर एका बाजूला चपटे होतात. असा टायर कितीही बॅलन्स करा, थरथरणारच. रिम वाकडी आहे का, ते बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवूनच कळतं. चाकाचे नट १३० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळा. मागच्या चार सीव्ही जॉइंटचे बूट तपासा: ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फेकलं गेलं असेल तर जॉइंट कोरडा पडला आहे. वळणावर वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची.

पायरी ६: इंजिनाबरोबरची थरथर

माउंटिंगला हात लावण्याआधी इंजिन मिसिंग मारत नाही ना, ते पाहा. आयडलिंगला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर काही फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. मग प्लग, हायटेन्शन वायर, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, या क्रमाने.

इंजिन नीट चालत असूनही आयडलिंगला स्टिअरिंग आणि आरसा नाचत असेल, तर माउंटिंग. पोर्शेने इथे आत द्रव भरलेली हायड्रॉलिक माउंटिंग वापरली. रबर फाटलं की द्रव वाहून जातो, माउंटिंग बसतं आणि इंजिन खाली येतं. क्रॉसमेंबरवर माउंटिंगच्या बुडाशी काळसर ओघळ दिसला तर त्याला इंजिन ऑईल समजू नका. उजवं माउंटिंग एक्झॉस्टच्या उष्णतेत भाजतं, म्हणून सहसा आधी तेच जातं. डावं पॉवर स्टिअरिंगच्या गळतीत भिजून फुगतं. म्हणजे वर गळती तशीच ठेवून नवीन माउंटिंग घातलं, तर तेही त्याच वाटेने जाणार. आधी गळती बंद, मग माउंटिंग, आणि दोन्ही जोडीने. स्वस्तातली घट्ट रबराची माउंटिंग घेतलीत तर आयडलिंगची नाचानाच जाईल आणि सगळ्या वेगांना बारीक झणझण मागे लागेल. माझ्या मते रोजच्या वापराच्या गाडीला ती लावू नयेत.

आयडलिंग छान, पण ३००० च्या वर पेडलमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये बारीक झिणझिण्या, आणि त्याही बेल्टचं काम झाल्यानंतर सुरू झालेल्या? मग बॅलन्स शाफ्टच. त्यांचा बेल्ट दोन्ही बाजूंनी दात असलेला असतो, कारण एका शाफ्टला उलटं फिरवायचं असतं. एक दात इकडेतिकडे झाला की शाफ्ट हादरा मारण्याऐवजी त्यात भर घालतो. क्रँक हाताने, फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवून टीडीसीवर (पहिला पिस्टन सगळ्यात वर येतो त्या जागी) आणा. कॅम गिअरची खूण जुळली पाहिजे, आणि दोन्ही बॅलन्स गिअरांच्या खाचा मागच्या कव्हरवरच्या खुणांसमोर आल्या पाहिजेत. दोन्ही गिअर सारखेच असतात, पण प्रत्येकावर 'ओ' आणि 'यू' अशी दोन स्थानं असतात: वरच्या शाफ्टची चावी (गिअर शाफ्टवर पक्का धरणारा छोटा तुकडा) 'ओ'मध्ये, खालच्याची 'यू'मध्ये. सील बदलताना गिअर काढले गेले असतील तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेल्टचा ताणही पाहा. फार घट्ट असेल तर आरपीएमबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येते आणि शाफ्टची बेअरिंगं खातात.

गाडी जागेवरून हलवताना 'ठक्' असा धक्का बसत असेल आणि बेलहाउसिंगच्या खालच्या भोकातून रबराचे काळे तुकडे पडत असतील, तर मूळ रबराच्या मध्याची क्लच प्लेट विरघळत आली आहे. स्प्रिंगची प्लेट घाला, आणि तेवढं उघडलंच आहे तर क्रँकचं मागचं सील आणि टॉर्क ट्यूबची बेअरिंगं त्याच खेपेत करून घ्या.

कशाला आधी हात लावायचा

पेट्रोलची होज आज. बेल्टवरचं तेल आणि कूलंटमधलं तेल, हे दोन्ही गाडी पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी. एक्झॉस्टवर पडणारं तेल या महिन्यात. पॉवर स्टिअरिंगचे होज माउंटिंगच्या आधी. सेपरेटरच्या ओ-रिंगा सवडीने, पण इनटेक काढायची वेळ येईल तेव्हा नक्की. चेंबरची ओल आणि रात्रीत एखादा थेंब, त्यासाठी पुठ्ठा पुरे.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा धुवा, पुठ्ठा पुन्हा घाला, आणि आठवडाभर रोज सकाळी त्यावर तारीख लिहा. पहिले दोन-तीन दिवस जुनं साचलेलं तेल खाली येतच राहतं. त्या डागांवरून नवं सील गळतंय असा निष्कर्ष काढू नका. चौथ्या-पाचव्या दिवसापासूनचा डाग खरा.